एका टिंबाचा रंग

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एका शॉपमध्ये काही वर्षांपूर्वी एक छोटा अपघात झाला. कुणाला इजा झाली नाही, त्यामुळे त्याची बातमी होण्याचा प्रश्न नव्हता. सीएनसी लेथवरचा एक इन्सर्ट फुटला, होल्डरला मार बसला आणि चकमध्ये धरलेले कास्टिंग भंगारात गेले, एवढेच. मशीनवर उभा असलेला मुलगा आयटीआय करून नुकताच तिथे लागला होता. शेजारच्या मशीनवरच्या वयस्कर ऑपरेटरने धावत येऊन लाल बटण दाबले म्हणून पुढचे टळले. मुलाला आठ दिवस घरी बसायला सांगण्यात आले.

तो माझा विद्यार्थी होता, आणि त्याने मशीनवर चढवलेला प्रोग्रॅम माझ्याच धड्यातून वहीत उतरवून घेतलेला होता. निवृत्त झाल्यापासून मी कागलमध्ये घरीच संध्याकाळी मुलांना सीएनसीचे प्रोग्रॅम लिहायला शिकवतो आणि ते धडे मराठीतून एका साध्या संकेतस्थळावर ठेवतो. मुले ते मोबाइलवर वाचतात.

त्या संध्याकाळी तो घरी आला, वही आणि मोबाइल दोन्ही माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "सर, तुमच्यात हाय तसंच घातलं हुतं."

मी दोन्ही ओळी ताडून पाहिल्या. माझ्या धड्यात होते: 'जी०० एक्स५०. झेड२.' त्याच्या वहीत होते: 'जी०० एक्स५० झेड२.' (मशीनला ही अक्षरे आणि आकडे रोमनच लागतात, इथे वाचनाच्या सोयीसाठी मी ते नागरीत लिहितो आहे.) मधले एक टिंब राहिले होते. फॅनक पद्धतीच्या अनेक कंट्रोलवर, सेटिंग तसे ठेवलेले असेल तर, आकड्यापुढे दशांशचिन्ह असल्यास तो आकडा मिलिमीटर धरला जातो आणि नसल्यास मिलिमीटरचा हजारावा भाग. 'एक्स५०.' म्हणजे पन्नास मिलिमीटर व्यास. 'एक्स५०' म्हणजे पन्नास मायक्रॉन, साधारण एका बारीक केसाएवढे. टूल वेगाने जाऊन कास्टिंगच्या बाहेरच्या कडेला थांबायचे, ते थेट मध्यावर जाऊन थांबले. पुढच्या ओळीत कापत तीस मिलिमीटर आत जाण्याची आज्ञा होती. बाहेरून साल काढायच्या ऐवजी टूल भरीव लोखंडाच्या तोंडात शिरले.

"टिंब का गाळलंस?" मी विचारले.

"पन्नास टिंब म्हंजे पन्नासच की, सर. मला वाटलं, थितं संपलं."

त्याला मी काय बोलणार? टिंब म्हणजे संपले, हे आपणच त्याला पहिलीपासून शिकवले आहे. आपल्या भाषेला ही सवय तशी जुनीही नाही. मोडीत आधी ओळभर रेघ मारून तिच्याखाली हात न उचलता लिहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि विरामचिन्हे नसत. मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुळवली, त्यांच्याबरोबर पूर्णविरामाचे टिंब आले. मुलाने शाळेत शिकल्याप्रमाणेच वाचले होते. शिवाय माझे पान असे होते की मराठी स्पष्टीकरण आणि मशीनचा कोड एकाच बारीक काळ्या अक्षरात सलग छापलेला. मोबाइलच्या काचेवर ते टिंब धुळीच्या कणासारखे दिसत होते. दोष त्याच्यापेक्षा माझ्या पानाचा जास्त होता.

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारे लोक पडद्यावर कोड रंगीत पाहतात, हे मला ठाऊक होते. आज्ञा निळ्या, आकडे तांबूस, टिपणे करडी. आपल्या धड्यांनाही तसे रंग द्यावेत, म्हणजे असे टिंब सुटणार नाही, असे मी ठरवले. दोन दिवसांचे काम समजून हाती घेतले आणि त्यात हिवाळा गेला. या रंगांविषयी त्या काळात जे समजले ते इथे मांडतो, कारण वाचणे म्हणजे काय या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे आणि तो प्रश्न वाङ्मयाच्या वाचकांना परका नाही.

आधी कुणीतरी वाचलेले

रंगाने अर्थ सांगण्याची रीत मराठी घराला नवी नाही. १९७३ पासून भिंतीवर असलेल्या 'कालनिर्णय'मध्ये तारीख लाल दिसली की सुट्टी, हे ज्याला वाचता येत नाही असे मूलही ओळखते. पण ती तारीख आपोआप लाल झालेली नसते. छापण्यापूर्वी कुणीतरी सगळे वर्ष वाचून काढलेले असते, कुठला दिवस कोणत्या प्रकारचा ते ठरवलेले असते. आपल्याला दिसतो तो त्या ठरवण्याचा निकाल.

कोड रंगवण्याचेही असेच असते, फरक इतकाच की इथे आधी वाचणारा माणूस नसून एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला मी मनाशी 'रंगारी' म्हणतो. जगभर वापरले जाणारे असे अनेक रंगारी फुकट उपलब्ध आहेत. 'पिगमेंट्स' आणि 'हायलाइट जेएस' हे दोन्ही २००६ सालचे, 'प्रिझम' २०१२ सालचा. या सगळ्यांची कामाची रीत साधारण सारखी आहे.

रंगारी प्रथम सलग मजकुराचे तुकडे पाडतो. वेदपठणाची परंपरा माहीत असलेल्यांना हे लगेच कळेल. संहितापाठात शब्द संधीने एकमेकांत मिसळलेले असतात. शाकल्याने ऋग्वेदाचा पदपाठ केला, म्हणजे त्या सलग प्रवाहातली पदे सुटी करून दाखवली. रंगारी कोडचा पदपाठ करतो. 'जी०० एक्स५०. झेड२.' या ओळीचे तो तीन तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला जात लावतो: पहिला तुकडा आज्ञा, दुसरा आणि तिसरा अक्ष आणि त्यावरचे माप. मग प्रत्येक तुकड्याभोवती एक न दिसणारे वेष्टण घालून त्यावर जातीचे नाव लिहितो. रंग इथवर कुठेच नसतो. कोणत्या जातीला कोणता रंग, याची यादी वेगळीच असते आणि ती पानाचा मालक हवी तेव्हा बदलू शकतो. मशीनला यातले काही कळत नाही. तिच्याकडे जातो तो रंगाशिवायचा निव्वळ मजकूर. रंग फक्त माणसासाठी.

तुकडे पाडण्याचे नियम क्रमाने लावावे लागतात. सीएनसीच्या कोडमध्ये कंसात लिहिलेले टिपण मशीन वाचत नाही. म्हणून पहिला नियम: कंस उघडला की तो मिटेपर्यंत सगळे टिपण. हा नियम आधी लावला नाही तर टिपणात लिहिलेल्या आज्ञेलाही रंगारी खरी आज्ञा समजून रंगवतो.

पायथॉनसारख्या भाषेत कंसाऐवजी हे काम अवतरणचिन्हांचे असते. अवतरणातला मजकूर संगणक आज्ञा म्हणून वाचत नाही, जसाच्या तसा उचलतो. आपल्याकडच्या ग्रामीण कथेत बहुधा असेच असते. निवेदन प्रमाण भाषेत, बोली अवतरणात, आणि सीमा त्या दोन चिन्हांनी आखलेली. कागलचेच आनंद यादव यांनी 'गोतावळा'त (१९७१) निवेदनही नारबाच्या बोलीतच ठेवले आणि ती सीमा पुसली. कादंबरीत ते शक्य आणि सुंदर आहे. कोडमध्ये मात्र एक अवतरणचिन्ह मिटायचे राहिले तर तिथून पुढचा मजकूर, कधी ओळीच्या तर कधी पानाच्या शेवटापर्यंत, एकाच रंगात न्हाऊन निघतो. रंगांचा सर्वांत उघड उपयोग तिथे होतो: चूक कुठे सुरू झाली ते लांबून दिसते.

तांबडी शाई

ही कल्पना संगणकाची नव्हे. पोथ्यांत तिची सगळी सामग्री आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिपटावर नोंद केली. ऋग्वेदाच्या हस्तलिखितांत मंत्र काळ्या शाईने आणि उदात्त-अनुदात्ताची स्वरचिन्हे पुष्कळदा तांबड्या शाईने लिहिलेली असतात. काळ्याने काय म्हणायचे ते सांगायचे आणि तांबड्याने कसे म्हणायचे ते. इतर पोथ्यांत आरंभीचे नमन, अध्यायाची समाप्ती तांबड्यात असते, श्लोकांचे आकडे आणि दंड यांवरून गेरू फिरवलेला असतो. चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. सलग, न तोडता लिहिलेल्या मजकुरात बोट कुठे ठेवायचे हे त्या रंगांनी कळत असे.

छपाई आली तेव्हा दुसरा रंग महाग पडला आणि त्याचे काम ठळक व तिरप्या टायपाने उचलले. १९६० च्या 'अल्गोल' या संगणकभाषेच्या छापील मजकुरात आज्ञावाचक शब्द ठळक अक्षरांत असत. तेव्हाच्या यंत्रांना ठळक अक्षर माहीत नव्हते, म्हणून प्रत्यक्ष प्रोग्रॅम भरताना तेच शब्द अवतरणात किंवा अशाच काही खुणांत घालावे लागत. म्हणजे कागदावरचा वाचक आणि यंत्र यांच्यासाठी दोन वेगळी लेखने.

पडद्यावर रंग आले ते १९८० च्या दशकात. १९८३ मध्ये अमेरिकेत 'इंटेलिव्हिजन' या खेळाच्या यंत्रासाठी संगणकाची एक जोडणी निघाली. मुलांना बेसिक भाषा शिकवण्यासाठी तिच्यात कोडचे घटक रंगाने वेगळे दाखवले होते. दुसरा प्रयोग मला आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी संगणकावर आणण्याचे काम चालू असताना १९८५ मध्ये आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी तिच्यासाठी 'लेक्स' नावाचे संपादनाचे साधन लिहिले. कोशातली नोंद म्हणजे मूळ शब्द, उच्चार, व्युत्पत्ती, अर्थ, तारखेसह दिलेली अवतरणे अशी गच्च बांधलेली मोळी. त्या कोशाच्या सुमारे पस्तीस कोटी अक्षरांत कोणता तुकडा कशाचा, हे काम करणाऱ्याला पडद्यावर लगेच दिसायला हवे होते. 'लेक्स' मजकूर लिहिला जात असतानाच त्याचे पृथक्करण करी आणि घटक रंगाने दाखवी. कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत निघाली.

आज लाखो प्रोग्रॅमर ज्या रंगांत दिवस काढतात, त्यांच्या पहिल्या साधनांपैकी एक अशा रीतीने शब्दकोशाच्या टेबलावर तयार झाले. दाते-कर्वे यांच्या कोशाचे पान उघडून पाहिले तर त्याचे कारण कळते. पुं., स्त्री., न., क्रि. ही आखूड अक्षरे म्हणजे प्रत्येक शब्दाला लावलेली जातच आहे.

'क्षेत्र'चे सात तुकडे

रंगारी बसवून सीएनसीचे धडे रंगीत झाले. उत्साहाच्या भरात मी शाळेतल्या मुलांसाठी पायथॉनचे काही धडेही लिहिले. पायथॉनने २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतली नावे स्वीकारली आहेत. त्यामुळे मुलांना 'क्षेत्र', 'उतारा', 'टन' अशी नावे देऊन उसाचा हिशेब शिकवता येतो. आमच्याकडच्या आठवीतल्या पोराला गुंठे आणि टन समजावून सांगावे लागत नाहीत, मग मध्ये इंग्रजी नावांचा अडसर कशाला, असा माझा विचार होता. प्रोग्रॅम उत्तम चालले. पान मात्र विचित्र दिसू लागले.

'ऊस' या नावापुढे इंग्रजी दोनचा आकडा जोडून मी एक नाव केले होते. रंगाऱ्याने त्यातला दोन सुटा आकडा समजून तांबूस रंगवला आणि 'ऊस' काळाच ठेवला. नव्या क्रियेला इंग्रजी नाव दिले की ते निळे होई, मराठी नाव दिले की कोरडे राही. मुलांनी त्यातून काढलेला अर्थ सरळ होता. एक मुलगी म्हणाली, "सर, मराठीतलं चुकीचं असतंय काय?"

तिच्या प्रश्नाने मी आत जाऊन नियम वाचले. मी घेतलेल्या साधनात 'नाव' याची व्याख्या होती: इंग्रजी २६ अक्षरे, दहा आकडे आणि एक खालची रेघ. या बाहेरचे सारे त्याच्या लेखी रिकामी जागा किंवा चिन्हे. जावास्क्रिप्ट या भाषेत 'शब्दातले अक्षर' यासाठी जी आयती खूण आहे तिचाही अर्थ इतकाच आहे. ही खूण अनेक दशके जुनी आहे. ती ठरली तेव्हा नागरी लिपी कुणाच्या समोर नव्हती.

मग मी स्वतः नियम लिहायला घेतला आणि त्याहून मोठी चूक केली. युनिकोडच्या तक्त्यातली अ ते ह ही अक्षरे मी 'अक्षर' म्हणून घातली. पान उघडले तर 'क्षेत्र'चा चुराडा झाला होता. काही ब्राउझरांत मात्रा आपल्या अक्षरापासून सुटून टिंबांच्या वर्तुळावर बसलेली दिसत होती. आपल्याला 'क्षेत्र' या शब्दात क्षे आणि त्र अशी दोन अक्षरे दिसतात. संगणकाच्या साठवणीत तो सात खुणांचा असतो: क, हलन्ताची खूण, ष, एकाराची मात्रा, त, पुन्हा हलन्ताची खूण, र. यातल्या चार युनिकोडच्या वर्गवारीत 'अक्षर' आहेत आणि तीन 'जोडचिन्ह'. मी फक्त चार मोजली होती. बाराखडी शिकवणारी बालवाडीची बाई अशी चूक करणार नाही.

माझी समजूत घालणारी गोष्ट ही की ही चूक एकट्या माझी नव्हती. पायथॉन 'क्षेत्र' हे नाव विनातक्रार स्वीकारतो. पण त्याच पायथॉनबरोबर येणारे शब्द शोधण्याचे प्रमाण साधन मात्रेला शब्दाचा भाग मानत नाही आणि 'क्षेत्र' तोडते. घरात घेतलेल्या पाहुण्याचे नाव दारावरच्या यादीत नसावे, तसे. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ पासून 'कोणत्याही लिपीतले अक्षर' आणि 'कोणतेही जोडचिन्ह' असे सांगायची सोय झाली आहे. त्या दोन्ही एकत्र सांगितल्या तेव्हा 'क्षेत्र' अखंड रंगला. दुरुस्ती एका ओळीची होती.

एक गाठ मात्र रंगाने सुटली नाही. 'शेतकऱ्या'तला ऱ्य दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडणारे चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पायथॉन पहिला प्रकार नावात चालवतो आणि दुसऱ्याला चूक म्हणतो, कारण न दिसणारी चिन्हे त्याला नावात नको असतात. मुलांनी वेगवेगळ्या कीबोर्डवरून टाइप केले तेव्हा एकाचा प्रोग्रॅम चाले आणि शेजारच्याचा अडे, दोघांच्या वहीत अक्षर न् अक्षर सारखे असताना. शेवटी रंगाऱ्याला एक नियम जास्त दिला: ते अदृश्य चिन्ह आले की त्या शब्दाखाली नागमोडी रेघ.

शुद्ध, पण चुकीचे

एवढे सगळे झाल्यावर ज्यासाठी हे काम काढले होते ती ओळ मी उघडली. 'एक्स५०.' आणि 'एक्स५०' खाली-वर लिहिले. दोन्ही सारख्याच रंगात रंगले.

पहिल्यांदा वाटले, नियम चुकला. मग लक्षात आले की नियम अगदी बरोबर आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही शुद्ध आहेत; दोन्ही अक्ष आणि माप. रंगारी शब्दाची जात सांगतो, शब्द खरा की खोटा ते सांगत नाही. 'राम उद्या आला' या वाक्यात नाम, क्रियाविशेषण आणि क्रियापद आपापल्या जागी आहेत. कोशातली आखूड अक्षरे त्या वाक्याला अडवू शकत नाहीत.

कोड रंगवल्याने वाचणाऱ्याला खरोखर किती फायदा होतो, यावरही अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. केंब्रिजच्या अद्वैत सरकार यांनी २०१५ मध्ये मोजक्या विद्यार्थ्यांच्या नजरेचा माग घेऊन पाहिले. रंगीत कोड लवकर समजतो आणि अनुभव वाढेल तसा हा फायदा कमी होतो, असे त्यांना आढळले. २०१८ मध्ये हानेबाउअर आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या ३९० नवशिक्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. रंगांमुळे बरोबर उत्तरांत त्यांना फरक आढळला नाही. माझ्या त्या दोन ओळी समोर ठेवल्या की दुसऱ्या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही.

मी त्या वयस्कर ऑपरेटरना भेटायला गेलो. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात. वीस-पंचवीस वर्षे मशीनवर उभे राहिलेले गृहस्थ. त्यांना दोन्ही ओळींचा कागद दाखवून विचारले, "मामा, तुम्ही काय बघता?"

"मी आधी टिंबंच बघतो," ते म्हणाले. "एक्स, झेड, यू, डब्ल्यू. ह्यांच्या शेपटीला टिंब नसलं तर हात बटनावर ठेवायचा. पर पी ला टिंब बघू नका. पी ला ते नसतंयच."

त्यांचे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे होते. टूलला जागेवर थांबवून ठेवायची 'जी०४' ही आज्ञा असते. तिच्यात पी पुढचा आकडा मिलिसेकंदांचा असतो. 'पी१०००' म्हणजे एक सेकंद, आणि तिथे टिंब चालतच नाही. आज्ञांचे, टूलचे, फेऱ्यांचे आकडेही बिनटिंबाचेच. म्हणजे 'टिंब नसलेला प्रत्येक आकडा संशयित' असा सरसकट नियम केला असता तर पान लाल खुणांनी भरून गेले असते आणि मुलांनी दोन दिवसांत त्यांच्याकडे बघायचे सोडले असते. कुठे टिंब हवे आणि कुठे नको, हे व्याकरणाच्या पुस्तकात एका ठिकाणी नसून मामांच्या नजरेत होते.

त्यांच्याबरोबर बसून मी यादी केली. आता रंगारी मापाच्या अक्षांपुढे टिंब नसलेला आकडा दिसला की त्याला चौकट घालतो. असलेले टिंबही मी ठळक आणि थोडे मोठे केले. तयार मिळालेल्या रंगाऱ्यात हा नियम नव्हता, आणि त्यात त्याच्या कर्त्यांची चूक नाही. त्यांनी जिथे बसून कोड वाचला तिथे टिंब गळल्याने इन्सर्ट फुटत नव्हता, आणि त्यांच्या नावांत मात्रा नव्हत्या. रंग हे आधी कुणीतरी केलेले वाचन असते. ते वाचन ज्याने केले त्याला जे दिसले तेवढेच त्यात उतरते. आमच्या मुलांसाठी आमच्यातल्या कुणीतरी आधी वाचून ठेवायला हवे होते, आणि ते मामांनी केले.

झेरॉक्स

नवे धडे चालू झाल्यावर दोन गोष्टी कळल्या. एका मुलाला तांबडा आणि हिरवा यांतला फरक दिसत नव्हता. त्याने ते कधी कुणाला सांगितले नव्हते. रंगीत धड्यामुळे ते बाहेर आले. हा दोष मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळ अधिक आढळतो आणि शॉपमध्ये बहुतेक मुलगेच आहेत. पडद्यावरच्या मजकुरासाठी आंतरराष्ट्रीय निकष आहेत: साध्या आकाराचे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातले प्रमाण किमान साडेचारास एक असावे, आणि कोणतीही गोष्ट केवळ रंगाने सांगू नये. माझी करडी टिपणे पहिल्याच निकषात नापास झाली.

दुसरी गोष्ट मला शॉपमध्ये गेल्यावर दिसली. मशीनपाशी मोबाइल नेऊ देत नाहीत. मुले धड्याची प्रिंट काढतात, तिची झेरॉक्स करतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कंट्रोलशेजारी चिकटवतात. तेलाचे बोट लागून लागून तो कागद पिवळा पडतो. महिनाभर खपून केलेले माझे सगळे रंग त्या झेरॉक्सवर काळे-करडे झालेले होते. टिकले होते फक्त ठळक टिंब, चौकट आणि टिपणांचा तिरपा टाइप. म्हणजे रंग परवडेना तेव्हा छापखान्याने जे केले, तिथेच मी पोचलो होतो. तेव्हापासून मी आधी सगळे काळ्या शाईत वेगळे दिसते का ते बघतो, मग रंग देतो.

तो मुलगा आठ दिवसांनी कामावर परत गेला होता. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तो असाच एक प्लास्टिकमधला कागद घेऊन घरी आला. वर्तुळाकार कापाची ओळ होती. त्याने एका अक्षरावर पेनाने गोल केला होता. त्रिज्येचे 'आर', पुढे पाच, आणि टिंब नाही. माझ्याच धड्यातली ओळ, माझ्या हातून टिंब राहिलेले, आणि रंगाऱ्याने त्याला चौकट घातली नव्हती, कारण मामांनी सांगितलेली अक्षरे लिहून घेताना 'आर' माझ्या यादीतून सुटला होता.

"सर, आर राहिलाय," तो म्हणाला. "मी मशीनला घालायच्या आधी बघितलं."

मी त्याच्यासमोरच ओळ सुधारली आणि नियमात 'आर' घातला. त्याने पान पुन्हा उघडून चौकट येते का ते एकदा चुकीचे लिहून, एकदा बरोबर लिहून पाहिले, आणि मग चहा घेतला.